शाळेसाठी पहिली बासरी : अल्प खर्चात योग्य निवड



संगीत हा प्राथमिक शिक्षणातील कला विषयाचा भाग आहे. परंतु आपल्या बहुतेक द्विशिक्षकी शाळांत पेटी नाही आणि ती घेण्याची ऐपतही नाही. अशा शाळेतील शिक्षकाने स्वतःच्या हौसेने घ्यावे व दप्तरातून न्यावे असे वाद्य म्हणजे बासरी होय. मात्र पुष्कळ शिक्षक बासरी घेतात, महिनाभर फुंकतात, आणि "आपल्याला ते जमणारे नाही" असे म्हणून ती कपाटावर ठेवून देतात. वर्गातील संगीत तेथेच संपते. हा दोष बहुधा शिक्षकाचा नसून निवडीचा असतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव असाच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शहरातील एका दुकानातून सुमारे तीस इंचांची बासरी आणली. रेडिओवर ऐकलेला गंभीर नाद मनात होता. सहा रंध्रे एकाच वेळी कधी झाकली गेली नाहीत व सूर कधी लागला नाही. दोन वर्षांनी भजनी मंडळातील एका वृद्ध वादकाने ती हातात घेऊन सुरेल वाजविली आणि म्हटले, "गुरुजी, बासरी चांगली आहे, पण ती तुमच्या बोटांची नाही." त्यांनी दिलेल्या आखूड बासरीवर आठ दिवसांत माझा षड्ज स्थिर झाला.

१. लांबी आणि पट्टी

नळीतील हवेचा स्तंभ जितका लांब, तितका स्वर खालचा. हे तत्त्व आपण विज्ञानात शिकवितो. लांब बासरीचा नाद भरदार असतो, पण तिची रंध्रे दूरदूर असतात आणि श्वासही अधिक लागतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी मोठी बासरी शास्त्रीय मैफलीत प्रतिष्ठित केली. ती ऐकून आपणही तीच घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. परंतु तो साधनेचा पुढचा टप्पा आहे, आरंभ नव्हे.

बासरीची पट्टी तिच्या षड्जावरून ओळखतात. तोंडाकडील तीन रंध्रे झाकून उरलेली तीन उघडी ठेवली असता जो स्वर निघतो, तो तिचा 'सा'. पांढरी तीनची बासरी सुमारे तीस इंच, पांढरी पाचची सुमारे पंचवीस, पांढरी सहाची सुमारे बावीस, तर पांढरी एकची सुमारे एकोणीस इंच लांब असते. शाळेसाठी पहिली बासरी पांढरी एकची घ्यावी, असे माझे मत आहे. तिच्यावर बोटे सहज पोहोचतात. शिवाय मुले प्रार्थना त्या पट्टीत म्हणू शकतात. बासरीचा स्वर मुलांच्या आवाजाहून एक सप्तक वर राहतो, त्यामुळे तो समूहातही स्पष्ट ऐकू येतो.

२. आडवी की उभी?

उभ्या पाव्यात फुंकेचा मार्ग तोंडाशीच बांधून दिलेला असतो. म्हणून फुंकताक्षणी नाद निघतो. आडव्या बासरीत तो मार्ग ओठांनी घडवावा लागतो, त्यास काही दिवस जातात. लहान मुलांच्या हाती पावा देणे ठीक. परंतु पावा लवकर वाजतो याचा अर्थ तो सुरात असतो असा नव्हे. जत्रेतील पुष्कळ पावे केवळ खेळणी असतात. ज्या शिक्षकास पुढे शिकावयाचे आहे, त्याने थोडा धीर धरून आडवी बासरी घ्यावी.

३. खरेदीच्या वेळी करावयाच्या चार परीक्षा

(अ) बांबूची परीक्षा : नळी सरळ असावी. फुंकीचे रंध्र व स्वररंध्रे यांच्यामध्ये पेर नसावे. बासरी उजेडाकडे धरून खालच्या टोकातून आत पाहावे. आतील बाजू गुळगुळीत दिसावी. बासरीला बांधलेला दोरा तडकण्यापासून रक्षण करतो; पण कधी तो पडलेली भेगही झाकतो, हे ध्यानात ठेवावे.

(आ) बोटांची परीक्षा : न फुंकता सहाही रंध्रे झाकून क्षणभर दाबावीत आणि बोटे उचलून पाहावीत. प्रत्येक बोटावर पूर्ण वर्तुळ उमटले असेल, तर रंध्र नीट झाकले गेले. खालच्या हाताच्या अनामिकेवर अर्धेच वर्तुळ दिसले, तर ती बासरी आपल्या हाताला मोठी आहे.

(इ) सप्तकाची परीक्षा : दुकानदारास किंवा जाणत्या सोबत्यास मध्य सप्तकातील 'सा' वाजवावयास सांगावे, मग बोटे तशीच ठेवून जोराने फुंकून तार 'सा' काढावा. दोन्ही एकमेकांत मिसळले पाहिजेत. ते मिसळत नसतील, तर रंध्रे किंवा आतील बूच चुकीच्या जागी असण्याचा संभव असतो. बूच सामान्यतः फुंकीच्या रंध्राच्या मध्यापासून नळीच्या आतील व्यासाइतक्या अंतरावर असते.

(ई) पट्टीची परीक्षा : पेटीशी, अथवा मोबाइलमधील सूर तपासण्याच्या साधनाशी, एकेक स्वर ताडून पाहावा. नुकतीच हाती घेतलेली थंड बासरी किंचित उतरलेली असते. म्हणून ती थोडा वेळ फुंकून मगच निर्णय करावा.

४. खर्च

जत्रेतील बासरी स्वस्त असते, पण तिने बिघडलेला कान सुधारण्यास फार वेळ लागतो. सूर लावून दिलेली विद्यार्थ्यांची बासरी काही शे रुपयांत मिळते. मैफलीच्या बासरीस हजारांत मोजावे लागतात. नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे बासरीच्या कारागिरीचे जुने केंद्र आहे. तेथे आसामचा बांबू वापरतात. मुलांसाठी पीव्हीसी नळीची बासरीही चालते. ती तडकत नाही व धुता येते. मात्र तिचाही सूर तपासूनच घ्यावी. बांबूची बासरी उन्हात ठेवू नये, वाजवून झाल्यावर आतून कोरडी करावी, आणि उन्हाळ्यात मोहरीच्या तेलाचा पातळ हात आतून फिरवावा.

५. वर्गातील उपयोग

बासरी वाजविताना शिक्षकास गाता येत नाही, ही तिची मर्यादा खरी. परंतु तीच वर्गात उपयोगी पडते. शिक्षकाने ओळ वाजवावी व थांबावे. मुलांनी ऐकावी आणि म्हणावी. अशा रीतीने मुलांना प्रथम ऐकण्याची सवय लागते, आणि ऐकणे हाच संगीतशिक्षणाचा पाया आहे. एकच बासरी अनेक मुलांनी तोंडास लावू नये.

अभ्यास : केंद्रातील ज्या शिक्षकांकडे न वाजणारी बासरी पडून आहे, त्यांनी पुढील शिक्षण परिषदेस ती सोबत आणावी. वरील चार परीक्षा सर्वांनी मिळून कराव्यात. एकाच्या हाताला न बसणारी बासरी दुसऱ्याच्या हाताला बसते, असे पुष्कळदा आढळते. तेव्हा नवीन खरेदीपूर्वी अदलाबदल करून पाहावी. माझी ती तीस इंची बासरी आज एका उंचपुऱ्या शिक्षकमित्राकडे आहे, आणि त्यांच्या शाळेची प्रार्थना रोज तिच्या सुराने सुरू होते.