उतारवयातले वजन आणि मेंदू

वजन आणि मेंदू यांचे नाते आयुष्यभर सारखे राहत नाही. चाळिशी ते साठी या वयात पोटावर चढलेली चरबी पुढच्या स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते. सत्तरीनंतर मात्र, कोणी मुद्दाम प्रयत्न केलेला नसताना उतरलेले वजन हेच आजाराचे पहिले लक्षण असू शकते. घरोघरी सल्ला मात्र दोन्ही वयांना एकच दिला जातो: वजन कमी करा. पन्नाशीतल्या माणसाला तो उपयोगी पडतो. पंचाहत्तरीतल्या माणसाचे त्याने नुकसान होऊ शकते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही सगळी रसद रक्तातून येते, म्हणून रक्तवाहिन्यांचे जे होते ते मेंदूला भोगावे लागते. पोटातल्या अवयवांभोवती साठलेली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही, रक्तदाब चढवते, वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि शरीरात मंद दाह चालू ठेवते. मेंदूच्या आतल्या भागातल्या केसासारख्या वाहिन्या अशाने वर्षानुवर्षे कडक आणि अरुंद होत जातात. पक्षाघाताचा मोठा झटका न येताही छोटी छोटी ठिकाणे निकामी होतात. विचार मंदावतो, हिशेब चुकू लागतात. जाड मानेच्या माणसाला घोरताना मध्येच श्वास अडकण्याचा त्रास असेल तर रात्रभर मेंदूला प्राणवायू कमी पडतो, तो भाग वेगळाच.

भारतीय शरीराची एक खोड इथे लक्षात घ्यावी लागते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; म्हणजे कागदोपत्री दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेले, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. त्याला ‘अंगाने बारीक आहे’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ओलांडू नये. शिंप्याकडची टेप श्वास सोडल्यावर, सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध लावून घेर मोजावा. चाळिशी ते साठीत वजनकाट्यापेक्षा हे माप अधिक खरे सांगते.

आता दुसरी बाजू, उतारवयात उतरणाऱ्या वजनाची. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून चाललेला ‘व्हाइटहॉल दोन’ हा अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचे वजन निदानाच्या १६ ते २८ वर्षे आधी इतरांपेक्षा जास्त होते. निदानाआधीच्या साधारण ८ वर्षांत मात्र ते इतरांपेक्षा कमी झाले. म्हणजे विसरणे घरच्यांच्या नजरेत भरण्याच्या कितीतरी आधी शरीर झिजू लागते. भूक सांभाळणारी मेंदूतली केंद्रे बिघडतात, वासाची जाण जाते आणि जेवण बेचव लागते. एकट्या राहणाऱ्या माणसाला स्वयंपाकाची एकामागून एक कामे जमेनाशी होतात, आणि जेवलो की नाही हेही आठवत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या बाबतीत हे अगदी जवळून दिसले. मधुमेह जुना होता, पोटही होते. सत्तरी ओलांडल्यावर ते वर्षभरात हडकले; चांभाराकडून पट्ट्याला नवे भोक पाडून आणले, तेही पुढे सैल होऊ लागले. ‘अण्णा, काय तब्येत कमावलीत, तरुण दिसायला लागलात की!’ असे शेजारीपाजारी म्हणत. साखरेचा अहवाल पूर्वीपेक्षा चांगला येत होता, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनीही समाधान व्यक्त केले आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या. शंका आली ती आईला. आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्यात मंगळवारी सकाळीच बुधवार आणि गुरुवारची घरे रिकामी झालेली होती. पुढे एका दुपारी दरदरून घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले. साखर धोक्याच्या पातळीखाली गेली होती. स्मरणशक्तीची रीतसर तपासणी त्यानंतर झाली. उतरलेले वजन मधुमेहाच्या फायलीत, विसरणे वयाच्या खात्यात आणि चिडचिड स्वभावाच्या खात्यात टाकली जात होती. या तिन्हींचे मूळ एकच होते.

या अनुभवातून निघणारी पहिली सूचना नोंदीची आहे. साठीनंतर दर महिन्याला, त्याच काट्यावर, शक्यतो सकाळी वजन करून तारखेसह लिहावे, आणि त्याच वहीत गोळ्यांत झालेले बदल, पडणे-धडपडणे आणि विसरण्याचे ठळक प्रसंग टिपावेत. सहा महिने ते वर्षभरात विनासायास ५ टक्के वजन उतरले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवे. दरवेळी कारण स्मृतिभ्रंशच असेल असे नाही. थायरॉईड, क्षयरोग, कर्करोग, अनियंत्रित मधुमेह, नैराश्य, किंवा नीट न बसणारी कवळी, यांपैकी काहीही निघू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बरीच आढळते. तिनेही विसरभोळेपणा येतो आणि वेळेवर उपचार केले तर तो बराचसा हटतो, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

पन्नाशीतल्या माणसाने काय करावे, याबद्दल फारसा वाद नाही. कंबर आवरावी, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवावी, तंबाखू सोडावी, आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालावे. २०२४ सालच्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मोजली आहेत आणि ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतात, असा अंदाज मांडला आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, हा आजार असल्याचा अंदाज आहे. त्या हिशेबाने आयोगाचा अंदाज फार मोठा दिलासा आहे.

सत्तरीनंतरचे पथ्य वेगळे. सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ वरण-भात, रात्री दूध-पोळी किंवा मेतकूट-भात, हा अनेक वृद्धांचा दिवसभराचा आहार असतो. पोट भरते, पण स्नायूंना काही मिळत नाही. या वयात दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम. म्हणून घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. नुसते चालून स्नायू टिकत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन हात वर-खाली करणे, असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. उपासांचे प्रमाण कमी करावे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निर्जळी उपास करूच नये.

साखरेच्या बाबतीत अशक्त वृद्धाला काटेकोर नियंत्रणापेक्षा साखर फार खाली न जाणे महत्त्वाचे. अशांसाठी एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ८ टक्क्यांच्या आसपास चालते. वजन आणि जेवण कमी झाले की जुना डोस जड पडतो, तेव्हा तो फेरतपासून घ्यावा. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाने हातात द्याव्यात.

एकाच उपायाने मेंदू वाचत नाही, अनेक उपाय एकत्र लागतात, हे फिनलंडच्या ‘फिंगर’ प्रयोगात दिसले. ६० ते ७७ वयाच्या, धोका असलेल्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तवाहिन्यांच्या धोक्यांवर देखरेख असे सगळे मिळून दिले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची आकलनक्षमता केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के अधिक सुधारली. त्यात ऐकण्याची काळजीही जोडावी. कमी ऐकू येणारा माणूस गप्पांतून उठून जातो, आणि मेंदूला रोजचे काम मिळेनासे होते. श्रवणयंत्र लावायला घरचे वडीलधारे तयार होत नसतील तर एकदा कानातला मळ तरी काढून घ्यावा.

डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा, आणि रोज सोबत राहणारी व्यक्ती, या तिन्ही गोष्टी बरोबर हव्यात. स्मरणशक्तीची तपासणी न्यूरोलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ करतात. जवळ असा तज्ज्ञ नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते.