फॉर्मॅट मारण्याआधी

जुन्या पीसीवर डेटाबेसचा सेटअप अडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : फॉर्मॅट मारा, विंडोज नव्याने टाका, मग बघू. सल्ला देणारा तो मनापासून देतो आणि एके काळी तो बरोबरही होता. पण विंडोज ७ असलेल्या यंत्रावर आज तो पाळला तर काम सोपं होण्याऐवजी अवघड होऊन बसतं, असं माझं अनुभवान्ती ठाम मत झालं आहे. परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावात हा प्रश्न किरकोळ नाही. इथली मुलं बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर शिकायला परभणीला जातात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षा देतात, आणि घरी सराव करतात तो बहुधा कुणीतरी वापरून सोडलेल्या डेस्कटॉपवर. दोन जीबी रॅम, ३२ बिट विंडोज ७, आणि नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. अशा यंत्रावर मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर बसलं नाही, तर डेटाबेस हा विषय वहीत लिहिण्यापुरताच उरतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी जुन्या सल्ल्याला न्याय देऊ. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. या मधल्या काळात पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरायचे, यंत्र मंदावायचं, आणि नेमकं काय बिघडलं हे शोधण्यापेक्षा सगळं पुसून परत टाकणं कमी वेळाचं असायचं. सेटअप सीडीवर पूर्ण असायचे, नेटवरून काही ओढायला लागायचं नाही. जे लागेल ते मायक्रोसॉफ्टकडून अपडेट म्हणून मिळत होतं. म्हणजे फॉर्मॅटनंतर यंत्र मागे जायचं खरं, पण पुन्हा पुढे आणणारा रस्ता उघडा होता. ती सवय टिकली. तो रस्ता मात्र आता जवळपास बंद झाला आहे, आणि माझा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी २००९ ची. तिच्यात सर्व्हिस पॅक १ नाही, कारण तो फेब्रुवारी २०११ मध्ये आला. फॉर्मॅट मारून त्या डीव्हीडीवरून विंडोज टाकलं की यंत्राला जगाची माहिती उरते ती २००९ पर्यंतचीच. आता त्यावर सेटअप चालवून बघा. आजच्या फायलींवरची डिजिटल सही शा-२ पद्धतीची असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून अपडेटही फक्त त्याच सहीने द्यायला सुरुवात केली, आणि ती सही विंडोज ७ ला नीट ओळखता यावी म्हणून केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट दिली. ती नसलेल्या यंत्राला ऑगस्ट २०२० नंतर विंडोज अपडेटच्या सेवेतून काही मिळत नाही, कारण जुन्या सहीची सेवाच त्या महिन्यात थांबली. बरं, हाताने उतरवून घ्यावीत म्हटलं तर सोबत येतो तो इंटरनेट एक्सप्लोरर ८, ज्याच्यात टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत मुळात बंद ठेवलेली असते, त्यामुळे बहुतेक साइट उघडतच नाहीत. नव्या डॉट नेट फ्रेमवर्कचा ऑफलाइन सेटअप मायक्रोसॉफ्टचं २०११ चं मूळ प्रमाणपत्र मागतो, ते कोऱ्या विंडोज ७ मध्ये नसतं. व्हिज्युअल सी++ २०१५ चा सेटअप सर्व्हिस पॅकशिवाय अडतो आणि ०एक्स८०२४००१७ असा आकडा दाखवून थांबतो. काही वर्षं चालत असलेल्या यंत्राने यातलं पुष्कळसं हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, पोटात साठवलेलं असतं. फॉर्मॅटने आपण तेच पुसून टाकतो, आणि मग ज्या एका अडचणीसाठी ते केलं तिच्या जागी पाच उभ्या राहतात.

म्हणून आधी त्या एका अडचणीचं नाव विचारायचं. स्क्रीनवर आलेला इंग्रजी मजकूर न वाचता बंद करण्याची घाई हे या कामातलं सगळ्यात महाग पाऊल आहे. तो जसाच्या तसा कागदावर उतरवा, मोबाइलवर फोटो काढा. एक उदाहरण घेतो, कारण त्यात सगळी गोम आहे. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम’ या नावाने सुरू होणारी डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेश विंडोज ७ वर नेहमी येतो. ही फाइल सी भाषेच्या रनटाइमची आहे. सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर केबी२९९९२२६ हे अपडेट टाकलं की ती येते आणि अडचण मिटते. दुसरा संदेश जवळपास असाच दिसतो, फक्त नावात ‘सीआरटी-रनटाइम’ऐवजी ‘कोअर-पाथ’ असतं. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालवायला गेलं की तो दिसतो. ही फाइल विंडोज ८ पासून विंडोजचाच भाग आहे. कुठलंही अपडेट, कुठलाही फॉर्मॅट ती विंडोज ७ वर आणू शकत नाही. इथे उपाय एकच, पायथन ३.८ घ्यायचं, कारण विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. दिसायला जुळे असलेले हे दोन संदेश, पण एकात यंत्रात भर घालायची आहे आणि दुसऱ्यात सॉफ्टवेअर मागे न्यायचं आहे. फॉर्मॅट दोन्हींचं उत्तर नाही.

याच नजरेने बाकीचे संदेशही सुटतात. ‘एमएसव्हीसीआर’ किंवा ‘व्हीसीरनटाइम’ या नावापुढचा आकडा वाचा : १०० म्हणजे व्हिज्युअल सी++ २०१०, १२० म्हणजे २०१३, १४० म्हणजे २०१५ आणि पुढचं. त्या वर्षाचं पूर्ण पॅकेज टाकायचं. सुटी डीएलएल फाइल कुठल्या तरी साइटवरून उतरवून सिस्टीम फोल्डरात कोंबायची नाही. ती फाइल कुणाची आहे हे कळत नाही, आणि पॅकेजबरोबर येणाऱ्या तिच्या जोडीच्या फायलीही मिळत नाहीत. ‘व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन नाही’ असं आलं तर बहुधा ६४ बिटचा सेटअप ३२ बिटच्या विंडोजवर चालवला जातो आहे. मायएसक्यूएल ८.० चा सर्व्हर विंडोजसाठी ३२ बिटमध्ये निघालाच नाही, तिथे ५.७ घ्यावं लागतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ ला किमान विंडोज ८ आणि ६४ बिट लागतं, तेव्हा विंडोज ७ साठी २०१४ एक्सप्रेस ही मर्यादा. नोड १४ पासून विंडोज ७ सुटलं. व्हीएस कोड १.७० वर थांबलं. सुरुवातीला एसक्यूएल शिकताना लागणारे जोड, उपप्रश्न, व्यवहार, इंडेक्स हे सगळं या मागच्या आवृत्त्यांमध्ये आहे. विंडो फंक्शनसारख्या काही गोष्टी मायएसक्यूएल ५.७ मध्ये नाहीत. त्या शिकायची वेळ आली की तेव्हा दुसरी सोय बघता येते.

एक साधी गोष्ट लोक विसरतात ती मदरबोर्डवरच्या बटन सेलची. लाइट जाते किंवा मुख्य बटन बंद ठेवलेलं असतं, सेल संपलेला असतो, आणि पीसी सुरू झाला की तारीख मागच्या एखाद्या वर्षावर गेलेली असते. मग प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही किंवा अवैध आहे अशा तक्रारी येतात आणि माणूस सेटअपला दोष देतो. सीआर२०३२ नावाचा स्वस्तातला सेल बदलला की काम होतं.

आता या मताविरुद्धचा खरा बळकट आक्षेप. कुणी म्हणेल, अर्धवट बसलेला डेटाबेस काढला तरी तो पूर्ण निघत नाही, दुसऱ्या वेळी सेटअप पुन्हा तिथेच अडतो, मग पुसण्याशिवाय काय करायचं? निरीक्षण अगदी खरं आहे. पण काय मागे राहतं हे ठाऊक आहे, आणि ते हाताने काढता येतं. मायएसक्यूएल काढल्यावर त्याची सर्व्हिस विंडोजच्या यादीत राहू शकते, आणि सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरात जुना डेटा व जुना पासवर्ड राहतो. नवा सेटअप त्याच नावाची सर्व्हिस बनवायला जातो आणि अडतो, किंवा सर्व्हिस सुरू होता होता १०६७ क्रमांकाची त्रुटी देऊन पडते. लपवलेली फोल्डरं दिसू द्या, त्या डेटाची प्रत दुसरीकडे ठेवा, फोल्डर हलवा, सर्व्हिस काढा, मग सेटअप चालवा. एसक्यूएल सर्व्हर ‘रीस्टार्ट कॉम्प्युटर’ हा नियम नापास झाला म्हणून दरवेळी अडवत असेल आणि पीसी बंद-चालू करूनही तेच येत असेल, तर रजिस्ट्रीत सेशन मॅनेजरखाली फायलींची नावं बदलायची शिल्लक यादी अडकलेली असते. नोंदीची प्रत काढून ती रिकामी केली की वाट मोकळी होते. मायएसक्यूएल किंवा अपाचे सुरूच होत नसेल तर ३३०६ किंवा ८० क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने धरलेलं आहे का ते बघा. या प्रत्येक बाबतीत नेमकं कारण लिहिलेलं असतं : एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअप बूटस्ट्रॅप फोल्डरातल्या समरी नावाच्या फाइलमध्ये, मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरातल्या ‘ईआरआर’ शेपटीच्या फाइलमध्ये, नाहीतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. फॉर्मॅट मारला की कारणाबरोबर ही नोंदही जाते, आणि तीच चूक पुन्हा घडली तर ती दुसऱ्यांदाही अनोळखीच वाटते.

आणि डेटाचं काय? फॉर्मॅटआधी लोक झॅम्पच्या डेटा फोल्डरातून आपल्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर तेवढं पेनड्राइव्हवर घेतात आणि बॅकअप झाला असं समजतात. इनोडीबी प्रकारच्या टेबलांची माहिती वर ठेवलेल्या आयबीडेटा१ या फाइलशी बांधलेली असते. ती सोबत नसली की नव्या यंत्रावर टेबलांची नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असा जाऊ शकतो. बॅकअप घ्यायचा तो सर्व्हर चालू असताना डंप काढून, म्हणजे साध्या एसक्यूएल मजकुराच्या रूपात. तो बहुतेक आवृत्त्यांवर, गरज पडली तर काही ओळी बदलून, परत भरता येतो.

‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा पीसी घ्या’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, किमान ४ जीबी रॅम लागते, जुने प्रोसेसर ते स्वीकारत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवं यंत्र घ्यायचं म्हणजे सगळंच नवं, आणि शेती पावसावर असलेल्या घरात ते पुढच्या हंगामावर जातं. लिनक्सचा सल्ला मात्र मी मनापासून उचलून धरतो. फक्त एसक्यूएल आणि प्रोग्रामिंग शिकायचं असेल आणि प्रोसेसर ६४ बिट असेल, तर डेबियन आणि मारियाडीबी ही जोडी कोणत्याही जुन्या विंडोजपेक्षा चांगली. अडचण दोन ठिकाणी येते. निव्वळ ३२ बिट प्रोसेसरसाठी उबुंटूने फार पूर्वीच दार लावलं, डेबियन १३ पासून तिथेही नव्याने स्थापना करता येत नाही. आणि पुष्कळ घरी त्याच पीसीवर श्रीलिपी किंवा आयएसएमवर मराठी टायपिंगचं काम चालतं, हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर असतं. ते जगवत शिकायचं तर विंडोज राहू द्यावं लागतं. लिनक्स वेगळ्या पार्टिशनवर टाका, आधी पूर्ण बॅकअप घेऊन.

सुरक्षेचा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो आणि त्यात सूट मागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं तेव्हा बाधित यंत्रांत मोठा वाटा विंडोज ७ चा होता, आणि दुरुस्ती मार्चमध्येच येऊन गेली होती. ज्याचा आधार संपला त्या यंत्राला दुरुस्ती सहसा येत नाही. तेव्हा अशा पीसीवर खऱ्या माणसांची माहिती ठेवू नये : पतसंस्थेची खाती नकोत, शाळेचे गुण नकोत, आधार क्रमांक तर नकोतच. बँकेचा व्यवहार त्यावरून करू नये. शिकण्यासाठी बनवलेली टेबलं, काल्पनिक नावं, आणि काम नसताना नेट बंद. व्हायरसने यंत्र पूर्ण पोखरलं असेल किंवा हार्ड डिस्क मरायला लागली असेल, तर नव्याने टाकण्याला पर्याय नाही, हेही सांगून ठेवतो. माझा विरोध निदान न करता मारलेल्या फॉर्मॅटला आहे.

तशी वेळ येणारच असं धरून तयारी चांगल्या दिवसांत करायची. यंत्र नीट चालत असताना विंडोज ७ च्या बॅकअप अँड रीस्टोअरमधून सिस्टीम इमेज काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. म्हणजे पुसायची वेळ आली तरी २००९ वर जावं लागणार नाही. सर्व्हिस पॅक १, वर सांगितलेली तीन अपडेट, व्हिज्युअल सी++ ची पॅकेजं, डॉट नेट ४.८ आणि मायएसक्यूएल ५.७ यांचे ऑफलाइन सेटअप अधिकृत ठिकाणाहून, चांगलं नेट मिळेल तिथे उतरवून एका फोल्डरात साठवा. हॉटस्पॉटवर तुटत तुटत उतरलेली फाइल पूर्ण दिसते पण पूर्ण असतेच असं नाही. विंडोज ७ मधल्या सर्टयुटिलने तिचा हॅश काढून साइटवर दिलेल्या हॅशशी ताडून बघा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तो आधी एनटीएफएस करून घ्या. आणि कॉलेजातली आवृत्ती घरच्यापेक्षा नवी असेल, तर एसक्यूएल सर्व्हरची मूळ डेटाबेस फाइल तिकडे जोडण्याआधी थांबा. २०१४ ची फाइल एकदा २०१९ ने उघडली की ती परत २०१४ वर उघडत नाही. तिकडे न्यायची ती प्रत, आणि घरी परत आणायची ती स्क्रिप्ट.