जमीन विकून सिनेमा काढायचा? आधी हा हिशोब करा



शिरूर-दौंड भागात आता बऱ्याच पोरांच्या हातात चांगला कॅमेरा आहे. लग्नाचं शूटिंग करता करता मनात येतं, "आपणच एक पिक्चर काढू." स्वप्न चांगलं आहे. पण स्वतंत्र सिनेमा, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय काढलेला सिनेमा, हा आधी एक धंदा आहे. आज तो धंदा म्हणूनच समजून घेऊ.

शेजारचंच उदाहरण

भाऊराव कऱ्हाडे हे शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यातले. त्यांनी वडिलोपार्जित जमीन विकून 'ख्वाडा' काढला. विषय आपल्याच मातीतला, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ऑक्टोबर 2015 मध्ये तो थिएटरला लागला. पुढे 2018 ला 'बबन' आला. म्हणजे सगळं सुरळीत झालं का? नाही. 2023 ला त्यांच्याच 'टीडीएम'ला पुरेसे शो मिळेनात. सिनेमा मागे घेऊन काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागला.

यातून काय शिकायचं? माल चांगला असणं वेगळं आणि दुकानात जागा मिळणं वेगळं. लोकांना फक्त "जमीन विकली आणि नाव झालं" एवढंच आठवतं. ज्यांची जमीनही गेली आणि सिनेमाही डब्यात राहिला, त्यांची बातमी होत नाही.

तिकिटातले किती रुपये तुमचे?

समजायला सोपे आकडे धरू. कर वजा करून तिकिटाचे 100 रुपये उरले. थिएटर साधारण निम्मे घेतं, राहिले 50. वितरण आणि जाहिरातीचे 15 काढा, हातात 35. आता खर्च 35 लाख झाला असेल, तर तो नुसता भरून यायलाच 1 लाख प्रेक्षक लागतात. एका शोला सरासरी 50 माणसं आली, तर 2000 शो! रोज 100 पडद्यांवर एकेक शो मिळाला तरी 20 दिवस लागतील. आणि छोटा सिनेमा दुसऱ्या आठवड्यात टिकवणं किती अवघड, ते 'टीडीएम'ने दाखवलंच आहे.

प्रकार कोणता निवडायचा?

1. भयपट: खर्च कमी, कारण एक घर, चार-पाच कलाकार आणि चांगला आवाज एवढ्यावर भागतं. 2017 चा 'लपाछपी' आठवा. उसाच्या फडात अडकलेलं एक घर! ऊस तर आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. या सिनेमाचा पुढे हिंदीत 'छोरी' झाला. भीतीला भाषेची अडचण कमी, म्हणून रिमेकचे हक्क विकले जाऊ शकतात.

2. थरारपट: सगळा खर्च डोक्याचा. कथा घट्ट नसेल तर ड्रोनचे शॉट वाचवू शकत नाहीत. पटकथेला वेळ द्या, तो सगळ्यात स्वस्त असतो.

3. गंभीर कथापट: 'कोर्ट'ने 2014 ला व्हेनिसमध्ये पुरस्कार घेतले. इथे महोत्सव हाच बाजार, पैसा उशिरा येतो. घरखर्च यावर अवलंबून ठेवू नका.

4. विनोदी: 2008 चा 'वळू' बघा. एक गाव आणि एक मोकाट वळू. आपल्या बोलीतला विनोद अस्सल वाटतो, पण टायमिंग असणारे कलाकार हवेतच.

पायऱ्या अशा चढा

- आधी शॉर्टफिल्म करा. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'च्या आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.
- मित्रांचे पैसे घेताय? भागीदारीचा लेखी करार करा. कोणाचे किती, तोटा झाला तर काय, सगळं कागदावर.
- हक्क जपा. 2018 चा 'तुंबाड' 2024 ला पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. घाईत सगळे हक्क एकरकमी देऊन टाकले, तर अशी दुसरी कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते.
- शासनाची मराठी चित्रपट अनुदान योजना आहे, पण ते अनुदान परीक्षणानंतर मिळतं. बजेटमध्ये ते धरू नका. मिळालं तर बोनस.
- जमीन, दागिने, आई-वडिलांची एफडी या तिन्हींना हात नाही. जेवढे बुडाले तरी घरातली चूल बंद पडणार नाही, तेवढेच लावा.

आणि एक दुसरा रस्ता

प्रत्येकाने निर्माता व्हायची गरज नाही. शूटिंगला वाडा लागतो, बैलजोडी लागते, जनरेटर, गाड्या, साठ माणसांचं जेवण लागतं. दौंडला रेल्वे जंक्शन आहे, शिरूर पुणे-नगर रस्त्यावर आहे. ही सेवा देणाऱ्याला पिक्चर पडला तरी पैसे मिळतात. अर्थात ॲडव्हान्स घेऊनच काम सुरू करा!

आजचा गृहपाठ: वहीच्या एका पानावर लिहा: माझी कथा एका ओळीत, खर्च, आणि तो भरून यायला लागणारे प्रेक्षक. तिसरा आकडा बघून घाम फुटला, तर कथा नका टाकू, खर्च कमी करा. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलीच उदाहरणं सोडवू.

भेटू पुढच्या भागात!