किरणांचा मुक्काम कोठे पडला?

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, म्हणून तर हाडांचे छायाचित्र फिल्मवर उमटते. पण प्रोटॉन किंवा कार्बनची अणुकेंद्रे वेगाने शरीरात सोडली, तर ती ठरावीक अंतर जाऊन आतच थांबतात. १५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो. वाटेत त्याचा वेग मंदावतो. मंद कण अणूंजवळ जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून त्याची ऊर्जा मुक्कामाजवळ सर्वांत जोराने खर्ची पडते. हा मुक्काम कर्करोगाच्या गाठीत पाडावा, असे रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ साली सुचविले.

आता अडचण पाहा. कवटीच्या तळाशी गाठ आहे आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवर मेंदूचा देठ आहे. रुग्णाला सर्दी झाली आणि किरणांच्या वाटेवरील हवेच्या पोकळीत द्रव साचला, तर कण अलीकडेच थांबतील व गाठीचा काही भाग वाचेल. उलट, आधी साचलेला द्रव ओसरला, तर ते पुढे जाऊन मेंदूच्या देठाला इजा करतील. आत थांबलेला कण बाहेरून दिसावा कसा?

याचे उत्तर कणांनीच दिले आहे! काही कण वाटेतील अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून कार्बन-११, ऑक्सिजन-१५ अशी किरणोत्सर्गी अणुकेंद्रे निर्माण होतात. त्यांतून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला, की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. दोन्ही बाजूंच्या शोधकांनी ते एकाच क्षणी टिपले, की उगम त्यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे कळते. अशा असंख्य रेषांवरून चित्र तयार होते.

जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९७ ते २००८ या काळात कार्बन-किरणांचे उपचार करताना असे शोधक उपचाराच्या पलंगापाशीच बसविले होते. मिळालेले चित्र आधी गणिताने काढलेल्या चित्राशी ताडून पाहत. दोन्ही जुळली नाहीत, तर पुढच्या उपचाराआधी चूक शोधता येई.

शोधक पलंगापाशीच का? तुम्हीच हिशेब करा. ऑक्सिजन-१५ चा अर्धायुष्यकाल २ मिनिटे, तर कार्बन-११ चा २० मिनिटे आहे. रुग्णाला दुसऱ्या खोलीत नेण्यात २० मिनिटे गेली, तर प्रत्येकाचा किती भाग उरेल?