काळ्या कोटाशिवाय वकिली

प्रश्न : माझी पुतणी एलएल.बी. झाली आणि मुंबईत एका बँकेच्या ‘एएमएल’ विभागात लागली. कोर्ट नाही, तारखा नाहीत. मग तिथे वकिलाचं काम काय? काळा पैसा जिरवायला असे वकील लागतात, असंही कुणी म्हणालं. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काळजी सोडा. तुमच्या पुतणीचं काम नेमकं उलटं आहे. एएमएल म्हणजे अँटी मनी लाँडरिंग.

गुन्ह्यातून आलेला पैसा सरळ मार्गाची कमाई म्हणून दाखवणं, याला मनी लाँडरिंग म्हणतात. ही रोकड आधी कुठल्यातरी खात्यात शिरते, मग नावापुरत्या कंपन्यांतून फिरते आणि शेवटी फ्लॅट किंवा जमीन होऊन उजळ माथ्याने बाहेर येते. या वाटेवर बँक लागतेच, म्हणून कायद्याने पहाऱ्याची जबाबदारीही बँकेवर टाकली.

तो कायदा म्हणजे पीएमएलए, अर्थात मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा. तो २००२ चा, पण लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्यानुसार बँकेला ग्राहकाची ओळख पटवावी लागते आणि नोंदी जपाव्या लागतात. दहा लाखांवरचे रोख व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवावे लागतात.

इथे एक गैरसमज दूर करू. दहा लाखांची रोकड भरणारा लगेच संशयित ठरत नाही, ती नेहमीची नोंद असते. संशयाचा अहवाल वेगळा, आणि तो गेल्याचं ग्राहकाला सांगायला मनाई आहे. समजा, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याच्या खात्यात हंगामात एकदम मोठी रक्कम आली आणि संगणकाने इशारा दिला. अडत्याची पट्टी जुळत असेल, तर संशयाला जागा उरत नाही. पण पैसा आला तसा त्याच दिवशी पाच अनोळखी खात्यांत गेला, तर प्रश्न पडायलाच हवा. संशयाला कायद्याचा आधार आहे का, हे पाहायला कायद्याचा माणूस लागतो.

दुसरा गैरसमज : प्रत्येक करचुकवेगिरी म्हणजे मनी लाँडरिंग. तसं नाही. कायद्याच्या अनुसूचीत दिलेला एखादा मूळ गुन्हा, म्हणजे फसवणूक, लाचखोरी, अमली पदार्थांचा व्यापार असा काही, आधी असावा लागतो. नुसत्या प्राप्तिकर कायद्याखालच्या करचुकवेगिरीला पीएमएलए लागत नाही.

कोर्टाचं म्हणाल, तर पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. मात्र याच क्षेत्रात कोर्टाची वाटही आहे. ईडी, म्हणजे अंमलबजावणी संचालनालय, १८० दिवसांपर्यंत मालमत्ता तात्पुरती जप्त करू शकते. ती जप्ती न्यायनिर्णय प्राधिकरणाने कायम करावी लागते. त्यावर अपिलीय न्यायाधिकरण, पुढे उच्च न्यायालय. प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंना वकील हवा असतो. रिझर्व्ह बँक आणि सेबीही विधी अधिकारी नेमतात, आणि दोन्हींची मुख्यालयं मुंबईतच आहेत.

पुतणीला एवढंच सांगा : कायद्याइतकंच ताळेबंद वाचायलाही शीक. तिच्या एका शेऱ्याने चोराची वाट अडते, तशीच प्रामाणिक माणसाची अडवणूकही टळते. ही जबाबदारी कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा तसूभरही कमी नाही.