हौशी बिनतारी आणि शेजारचा ध्वनिवर्धक

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां हौशी बिनतारी मंडळींनीं आपलीं यंत्रें तेथें नेऊन निरोपांची ने-आण केली. असा एखादा परवानाधारक हौशी हिमायतनगरांत आपला शेजारी असला व त्याचें बोलणें आपल्या ध्वनिवर्धकांतून ऐकूं येऊं लागलें, तर भांडण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें पाहावें.

७ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या यंत्रांतून १४, २१ अशा पटींच्या लहरीहि थोड्याफार निसटतात. त्यांचा उपद्रव होत असल्यास गाळणी प्रेषकयंत्रासच बसविली पाहिजे. परंतु पुष्कळदां प्रेषण शुद्ध असूनहि ध्वनिवर्धकाची लांब तार आकाशतारेप्रमाणें लहरी झेलते. येथें शेजाऱ्यास दोष देणें अन्यायाचें होय. ती तार यंत्रालगत फेराइटच्या कड्यांतून सात-आठ वेढे देऊन घ्यावी. एका वेढ्यानें भागत नाहीं. वेढे दुप्पट केले म्हणजे लहरींस होणारा अडथळा सुमारें चौपट होतो.

विद्यार्थ्यांनीं व्यत्ययाच्या वेळा वहींत टिपून शेजाऱ्याच्या नोंदवहीशीं ताडून पाहाव्या. त्या न जुळल्यास घरांतील हलके एलईडी दिवे एकेक मालवून पाहावे. असा दिवा त्या बिचाऱ्या हौशी गृहस्थासहि तितकाच छळीत असतो.