कोब्यातून वर चढणारी ओल

प्रश्न : परसातल्या अवजारांच्या शेडमध्ये गेल्या वर्षी काँक्रीटचा कोबा केला. पावसाळ्यात तो ओला होतो, खताची पोती खालून भिजतात. काय करावे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आधी ओल येते कुठून ते पाहा. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, दोन दिवसांनी उचला. खालून ओला असेल तर ओल जमिनीतली. वरून असेल तर दमट हवेची, मग कोब्याला हात न लावता खिडकी काढा.

काँक्रीट दिसते घट्ट, पण त्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी वातीतल्या तेलासारखे वर चढते. म्हणून ओतण्यापूर्वीच दगडी सोलिंग, त्यावर वाळू आणि 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर जोड वीतभर चढवून, अंथरायला हवा होता. नेमका हाच खर्च वाचवला जातो!

आता कोबा फोडू नका. उन्हाळ्यात तो खडखडीत वाळू द्या, वर कागद अंथरून कडा भिंतीवर चढवा आणि जाळी घालून दोन इंचांचा नवा थर ओता. दार खाली घासेल, तेवढे कापून घ्यावे लागेल. पागोळ्यांचे पाणी चर खणून दूर न्या. यंदापुरती पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवा.